बरणीतलं लाल बटण

ही परीक्षा उलटी होती. जितके गुण कमी, तितका माणूस पास. वय पासष्टीच्या पुढे गेलं की एक गुण. रक्तदाब हाताबाहेर असला की एक. पूर्वी कधी पोटातून-बिटातून रक्त गेलं असेल तर एक. दुखण्यावरच्या गोळ्या चालू असतील तर एक, रोजची बाटली असेल तर आणखी एक. हॉस्पिटलच्या लांबलचक बोळाच्या टोकाला, जिथे भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे अशा एका खोलीत सिस्टर ही परीक्षा घेत असे.

समोर बसणारी बहुतेक माणसं म्हातारी होती, हृदयाचे ठोके ताल सोडून पडणारी. अशा हृदयात रक्त साचतं, साचलं की त्याची गुठळी होते, आणि ती गुठळी मेंदूत गेली की चालताबोलता माणूस एका बाजूने लुळा पडतो. ते टाळायला रक्त पातळ करणारी गोळी द्यायची. पण पातळ केलेलं रक्त एकदा वाहू लागलं की लवकर ऐकत नाही. म्हणून गोळीआधी दोन आकडे काढायचे, एक गुठळीच्या भीतीचा आणि एक रक्ताच्या भीतीचा. गंमत अशी, की वय आणि रक्तदाब दोन्हीकडे मोजले जात. म्हाताऱ्या माणसाला कुठूनच सुटका नव्हती.

आकडे काढणं सोपं होतं, समजावणं अवघड. टक्के सांगितले की माणसं मान डोलावत, आणि दाराबाहेर जाऊन एकमेकांना विचारत, "काय म्हणाली गं ती?" सिस्टरने हे एकदा आईपाशी बोलून दाखवलं. आईने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले होते. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "बटणं दाखव की. शंभर पांढरी बटणं म्हणजे शंभर माणसं. त्यातली किती आडवी होणार तेवढी काळी. किती रक्ताने जाणार तेवढी लाल. डोळ्यांना दिसलं की कळतं माणसाला, मास्तरीणबाई."

मास्तरीण हे आईने ठेवलेलं नाव. लहानपणापासून प्रश्न फार विचारते म्हणून.

आणि आईनेच बरणी भरून दिली. पांढरी बटणं सारखी होती, शर्टाची. काळीही एका मापाची मिळाली. लाल मात्र तिच्याकडे एकसारखी नव्हती. मग तिने जुन्या कपड्यांची कापून एका डबीत घातली आणि डबी बरणीतच ठेवली. कुठलं कोटाचं, कुठलं लहान मुलीच्या फ्रॉकचं, एक तर तिच्या स्वतःच्या स्वेटरचं, चार भोकांचं, कडेला टवका उडालेलं. "वेगवेगळी कशाला गं?" म्हणून सिस्टर कुरकुरली, तर आई म्हणाली, "माणसं तरी कुठे सारखी असतात?" चार वर्षं ती बरणी टेबलावर होती. पेशंट तिला बटणवाली सिस्टर म्हणत.

दोन महिन्यांपूर्वी बरणी टेबलाखालच्या खणात गेली, ती गेलीच.

आईचेही ठोके ताल सोडूनच पडत. तिचे गुण सिस्टरनेच काढले होते, गोळीही तिच्याच खोलीतून सुरू झाली होती. गुठळीकडे चार गुण, रक्ताकडे फक्त एक, तोही वयाचा. इतका चांगला निकाल त्या खोलीत क्वचितच लागे. चार वर्षं आई नियमाने गोळी घेत राहिली, आणि एका दुपारी कापड बेतता बेतता "डोकं फार ठणकतंय" म्हणाली आणि टेबलावर डोकं टेकून बसली, ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. कात्री हातातच होती. शेजारणीने नंतर सांगितलं, कापड मात्र सरळ कापलं गेलं होतं.

पंधरा दिवसांनी सिस्टर कामावर परतली. ती रडली नाही, कुणाला काही सांगत बसली नाही. फक्त तिचा हात जड झाला. पूर्वी "कधी रक्त गेलं होतं का?" या प्रश्नावर दाढी करताना कापल्याच्या गोष्टी ती हसून सोडून देई. आता तिथेही एक गुण पडू लागला. सणासमारंभाला घोटभर घेणाऱ्यालाही एक. जवळजवळ सगळ्यांचा आकडा चारच्या पुढे जाऊ लागला, आणि तो पाहून कुणाची गोळी लांबणीवर पडे, तर कुणी स्वतःच घाबरून नको म्हणे. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट रात्री झोप लागे.

डॉक्टरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर तिरकस.

"सिस्टर, या आजींना आधीच्या रक्तस्रावाचा गुण कशाबद्दल?"

"ब्रश करताना हिरड्यांतून येतं म्हणाल्या."

"मग नवा ब्रश घ्यायला सांगा. ही काय आतून रक्त गेल्याची नोंद झाली?" डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. "आपल्या गावातले सगळे म्हातारे एकदम बिघडलेत की तुम्ही पेपर कडक तपासायला लागलात?"

सिस्टरने पुढचा कागद ओढला.

"हा आकडा गोळी हिसकावून घेण्यासाठी नाही," त्या जरा हळू म्हणाल्या. "काय दुरुस्त करता येईल ते दाखवायला आहे. हे मला तुम्हीच शिकवलंत, मी इथे नवी होते तेव्हा."

त्याच आठवड्यात ड्रायव्हरकाका आले. म्हणजे आले नाहीत, काकूंनी त्यांना धरून आणलं. काका आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवत होते. एकही अपघात नाही, याचा त्यांना इतका अभिमान की नाव सांगायच्या आधी ते सांगत. गेली दोन वर्षं ते सिस्टरकडेच येत होते. वय अठ्ठ्याहत्तर, साखर, रक्तदाब, गुडघे कामातून गेलेले.

"सांगा आता," काकू खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. "मी सांगू? परवा जेवताना यांच्या हातातून चमचा पडला. मी म्हटलं काय हो, तर हे बोलतायत आणि मला एक अक्षर कळत नाही. तोंड एका बाजूला. दहा-पंधरा मिनिटं. मग आपोआप सरळ झालं, आणि मला म्हणतात, वाढ अजून."

"भूक लागली होती," काका म्हणाले.

याचा अर्थ सिस्टरला पाठ होता. मोठा झटका येण्याआधी दार वाजवून जातो तो हा. "पण तुमची गोळी चालू आहे ना?"

काका खिडकीकडे बघू लागले. काकूंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"काका?"

"महिन्याभरापूर्वी सोडली," काका म्हणाले. मग तिच्याकडे वळून, अगदी सरळ, "सिस्टर, तुमच्या आईंना हीच गोळी होती ना?"

बोळातून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक करकरत होतं. ते लांब जाईपर्यंत ती थांबली.

"हो."

"बाहेर बाकावर बोलत होते. मी म्हटलं अफवा असेल. पण तुमची बटणंही दिसेनात. म्हटलं, जिच्या घरात हे झालं तीच आता दाखवत नाही, म्हणजे काहीतरी आहे."

"अहो, काय बोलावं माणसाने!" काकू कळवळून म्हणाल्या.

"वाईट नाही बोलत. विचारतोय. सिस्टर, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो."

एवढा भरवसा तिला पेलवेना. तिने रक्तदाब घेतला, वाढलेलाच होता. गुडघ्याच्या गोळ्या, रोज सकाळ-संध्याकाळ. संध्याकाळचा पेला, "पेलाच, बाटली नाही." दहा वर्षांपूर्वी पोटातल्या जखमेतून रक्त गेलेलं. वय. आकडा पाच आला. या वेळी तिला हात जड करावा लागला नाही, पाच खरेच होते. आणि गुठळीकडचा आकडा त्याहून भयंकर.

"गोळी घ्यायला हवी," ती म्हणाली. "म्हणजे, फायदा आहे. धोकाही आहे. शेवटी निर्णय तुमचा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं समोरून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर काय करणार हे नुसत्या दिव्यांवरून ओळखणारा माणूस. तो काय ओळखायचं ते ओळखून उठला. "बरं. विचार करतो."

डॉक्टरबाईंनी काकांना आत घेऊन वेगळं समजावलं. ते "हो, हो" म्हणत राहिले. "हे हो म्हणजे नाही," त्यांना बाहेर पाठवून त्या सिस्टरला म्हणाल्या. "दाखल व्हायलाही तयार नाहीत. तुमचं ऐकतात ते. सोमवारी परत बोलावलंय. तोवर काय होईल ते होईल."

रविवारी सिस्टर आईच्या घरी गेली. दादा आधीच आला होता, भांडी खोक्यात भरत होता. घर रिकामं करून द्यायचं होतं. तिने खोक्यांना हात लावला नाही. ती गादी उचलून बघू लागली. मग ओट्यावरचे डबे एकेक उघडले, मशीनचा खण, पर्स, चादरींच्या घड्या.

"काय शोधतेस?" दादाने विचारलं.

"दुखण्याची गोळी."

"डोकं दुखतंय का? माझ्या बॅगेत आहे."

"माझ्यासाठी नाही. आईची. पाठ दुखायची ना तिची. चोरून घेत असेल. एखादं पाकीट तरी असेल कुठे."

दादा हातातलं पातेलं तसंच धरून उभा राहिला. तो तिच्याहून सात वर्षांनी मोठा, आणि सध्या दोघं एकमेकांशी फार जपून बोलत होते. "आणि सापडलं तर?"

"तर तिचे गुण दोन होतात. मला सांगितलं नव्हतं म्हणून एकच धरला."

"म्हणजे सापडलं तर आईची चूक. नाही सापडलं तर तुझी?"

"नाही सापडलं तर कुणाचीच नाही," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ते ऐकवेना. ती कपाटाकडे वळली.

औषध कुठेच नव्हतं. बाटली नव्हती. कुठे पडल्याधडपडल्याची खूण नव्हती. आईने प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं. कपाटात खालच्या फळीवर तिचा करडा स्वेटर घडी करून ठेवलेला. सिस्टरने तो उलगडला. वरून दुसरं बटण नव्हतं, तिथे सेफ्टी पिन लावली होती. गावभरच्या कपड्यांना बटणं लावणाऱ्या बाईने चार हिवाळे स्वतःच्या छातीवर पिन टोचून काढले होते, कारण तसं दुसरं लाल बटण मिळालं नव्हतं.

"टाकायचा का तो?" दादाने विचारलं.

"नको."

"बस जरा," तो म्हणाला. "चहा करतो. दोन कप बाहेर ठेवलेत मी."

ती आईच्या मशीनच्या स्टुलावर बसली. दादाने गॅस पेटवला आणि तिच्याकडे पाठ करून विचारलं, "तुझ्या त्या शंभरात एक गुणवाले किती जातात गं?"

"मोठा रक्तस्राव होतो शंभरात एखाद्याला. वर्षाकाठी. तोही बहुतेक पोटातला, त्यातून माणूस उठतो. मेंदूतला फार क्वचित."

"म्हणजे अगदी एखादं."

"हं."

"ते आपल्या घरात आलं," दादा म्हणाला, आणि मग बराच वेळ चहा उकळत राहिला.

सोमवारी काका-काकू आले तेव्हा टेबलावर बरणी होती. ती पाहून काकू पदराशी चाळा करत बसल्या. सिस्टरने बरणी ट्रेमध्ये ओतली. पांढरी बटणं पसरली, टपटप आवाज करत.

"ही शंभर माणसं," ती म्हणाली. "सगळी तुमच्यासारखी. तुमचंच वय, तुमचीच साखर, परवा तोंड वाकडं झालेली. कुणीच गोळी घेत नाही. वर्षभराने बघायचं." तिने मूठभर पांढरी उचलली आणि तितकीच काळी टाकली. काका मनात मोजत होते, ओठ हलत होते.

"अर्ध्या बसइतकीही नाहीत," ते म्हणाले.

"वर्षाला. पुढच्या वर्षी पुन्हा. आणि ही मरतीलच असं नाही. बरीच जगतील. बोलता येणार नाही, उजवा हात चालणार नाही, काकू भरवतील."

"भरवायला माझी ना नाही," काकू म्हणाल्या, "पण हे तोंडात घास असताना वाद घालतात."

"आता हीच शंभर माणसं गोळी घेतायत." तिने काळ्यातली बरीचशी काढून पांढरी ठेवली. मग डबी उघडली. इथे तिचा हात थांबला, पण तिने तो पुढे नेला आणि लाल बटणं एकेक टाकू लागली. ती थांबेना तसे काका पुढे सरकले.

"एवढी?"

"पाच गुणांची एवढी. तुमचे पाच आहेत."

"मग मी म्हणत होतो ते बरोबरच की!"

"थांबा, पुरतं ऐका. वय मला बदलता येत नाही. पोटातलं जुनं रक्तही नाही. पण रक्तदाबाची गोळी रोज घेतलीत, तर हे गेलं." तिने लाल बटणं उचलायला सुरुवात केली. "गुडघ्यासाठी दुसरं औषध देऊ, पोटाला न लागणारं. ही गेली. पोटासाठीही एक गोळी देऊ. आणि संध्याकाळचा पेला."

"तो राहू दे."

"तो गेला तर ही दोन जातात."

काकांनी त्या दोन लाल बटणांकडे जुन्या मित्रांकडे पाहावं तसं पाहिलं. "आठवड्यातून एकदा?"

"काका, हा काय भाजीबाजार आहे?"

"अहो, थोडं खालीवर करा. तुमचंही राहू दे, माझंही."

"रविवारी. एकच. आणि तो काकू ओततील."

"मग मेलोच," काका म्हणाले, आणि काकू तोंडावर हात ठेवून हसल्या. नवऱ्याचं तोंड वाकडं झाल्यापासून त्या बहुधा पहिल्यांदाच हसत होत्या.

ट्रेमध्ये आता थोडी काळी आणि दोन-तीन लाल उरली. काकांनी बोट पुढे करून एक लाल बटण बाजूला ओढलं. चार भोकांचं, कडेला टवका उडालेलं. "हे का वेगळं?"

सिस्टरने ते ओळखलं होतं. टाकतानाच ओळखलं होतं, आणि तरी टाकलं होतं.

"ही माझी आई," ती म्हणाली.

काकांचं बोट बटणावरच थांबलं.

"तिचे गुण एकच होते. तिच्या ट्रेमध्ये एवढी लालही नव्हती. काही चुकलं असेल म्हणून मी घर उलटंपालटं केलं. काही चुकलं नव्हतं. ती गोळी घेत होती आणि त्या गोळीमुळेच रक्त थांबलं नाही, हे खरं आहे. कुणी विचारलं तर मी हो म्हणेन."

"आणि घेतली नसती तर?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही कळत. कदाचित अजून शिवत बसली असती. कदाचित चार वर्षांपूर्वीच काळी झाली असती, आणि ही चार वर्षं मिळालीच नसती. बटणावर लिहिलेलं नसतं, काका. ट्रे तेवढा दिसतो."

काका बराच वेळ ते बटण बोटाने फिरवत होते. "आज त्या इथे बसल्या असत्या, माझ्या जागी, तर?"

हाच प्रश्न ती अडीच महिने टाळत होती. डॉक्टरबाईंपाशी, दादापाशी, रात्री स्वतःपाशी. गेल्या आठवड्यात याच प्रश्नापुढे तिने 'निर्णय तुमचा' म्हणून काढता पाय घेतला होता.

"दिली असती," ती म्हणाली. आवाज फुटका निघाला म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "पुन्हा दिली असती."

या वेळी काकांनी तिच्या चेहऱ्यात काय पाहिलं कुणास ठाऊक. ते काकूंना म्हणाले, "पाणी काढ गं." काकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि दुसऱ्या हाताने गोळीचं पाकीट. म्हणजे त्या महिनाभर ते पिशवीत घेऊन फिरत होत्या. काकांनी गोळी घेतली, आ करून सिस्टरला जीभही दाखवली.

उठताना काकूंनी ते टवका उडालेलं बटण उचललं आणि सिस्टरच्या तळहातावर ठेवलं. "हे घरी न्या, बाई. कशाला इथे रोज डोळ्यांसमोर?"

सिस्टरने ते क्षणभर मुठीत धरलं. घरी स्वेटर होता, सुईदोरा होता. मग तिने ते परत बरणीत टाकलं.

"नको," ती म्हणाली. "ते काढलं तर बरणी खोटं बोलेल."

ते दोघं गेल्यावर तिने ट्रे रिकामा केला आणि डॉक्टरबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यांना म्हणाली, गेल्या दोन महिन्यांत आलेल्या सगळ्यांना मला पुन्हा बोलवायचंय, मी नीट विचारलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या म्हणाल्या, "हिरड्यावाल्या आजींपासून सुरू करा."

परत येताना बोळाच्या खिडकीतून तिला काका-काकू फाटकाकडे जाताना दिसले. काका गुडघ्यामुळे झोके खात चालत होते आणि काकूंना काहीतरी समजावून सांगत होते, बहुधा रविवारचा पेला केवढा ते. हाताने माप दाखवत होते. काकू मान हलवत होत्या. सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. काकांच्या नशिबी पांढरं, काळं की लाल, हे तिला ठाऊक नव्हतं, कधीच ठाऊक असणार नव्हतं. ते फाटकाबाहेर वळले.

ती खोलीत आली, बरणीचं झाकण लावलं आणि ती टेबलाच्या मधोमध ठेवली. मग दार उघडून बाकावरच्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.